भेदभावाविरुद्ध काम करायचंय, तर आधी शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी बस

नाशिकहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा, कॉलेज आणि कंपन्यांमध्ये जात, वंश, भाषा, अपंगत्व यांवरून जो भेदभाव होतो त्याविरुद्ध काम करायची इच्छा आहे. परदेशात यासाठी वेगळी पदं असतात असं वाचते. आपल्याकडे यात करिअर होतं का? काय शिकावं? पोट भरेल का? आणि मी स्वतः सवर्ण घरातली आहे, तर हे काम करायचा मला हक्क आहे का? ताई, स्पष्ट सांगा."

ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगं करूनच लिहिते. सुरुवात तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण तो तू जरा घाबरतच लिहिलेला दिसतो. खाली नुसतं नाव आहे, आडनाव गाळलंयस.

मी बौद्ध आहे. वडील एसटीत कंडक्टर होते, शाळा सोलापूर जिल्ह्यात झाली. एकोणीस वर्षं हेच काम करतेय. आधी एका संस्थेतर्फे जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आणि आश्रमशाळांमध्ये, मग एका कॉलेजच्या समान संधी कक्षात, आणि गेली आठ वर्षं स्वतंत्रपणे, शाळा-कॉलेजं आणि कंपन्या अशा दोन्हीकडे. मी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की चाललेलं बोलणं थांबतं, याची आता सवय झाली आहे. तुझ्यासाठी ते थांबणार नाही. "आता काय, त्यांचीच चलती आहे", "कमी मार्कांवर सीट मिळते, मग झेपत नाही" ही वाक्यं तुझ्यासमोर बिनदिक्कत बोलली जातील आणि बोलणारा तुझ्याकडे आपलं माणूस म्हणून बघेल. तिथल्या तिथे, आवाज न चढवता "सर, मला हे पटत नाही" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच सरांबरोबर पुन्हा चहाला बसायचं, हे काम माझ्यापेक्षा तुला जास्त जमेल. तेव्हा हक्क आहे का असं विचारूच नकोस, तुझी इथे गरज आहे. पथ्य एकच. कुठे भाषणाचं आमंत्रण आलं, तर ज्यांच्यावर बेततं त्यांच्यातलं कुणी हे बोलू शकेल का ते आधी बघ. बहुतेक वेळा कुणीतरी असतंच. त्याचं नाव सुचव आणि तू श्रोत्यांत बस. आणि आडनाव लिहीत जा. ज्या माणसांबरोबर तुला काम करायचंय, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना ते लपवण्याची सोयच नसते.

आता करिअरचं. "डीईआय मॅनेजर" (डीईआय म्हणजे विविधता, समता आणि समावेशन) अशा नावाची पदं पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत आणि परदेशी कंपन्यांच्या इथल्या ऑफिसांत असतात, पण ती थोडी, आणि बहुतेक एचआरमध्ये दहा-बारा वर्षं काढलेल्यांना मिळतात. आपल्याकडे हे काम निराळ्याच नावांच्या खुर्च्यांवर बसून होतं. विशेष शिक्षक, समुपदेशक, वसतिगृहाचा गृहपाल, कॉलेजातल्या समान संधी कक्षाचा समन्वयक, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीवरची बाहेरची सदस्य, संस्थेचा प्रकल्प समन्वयक, कामगार कायद्याचा वकील. यातल्या बऱ्याच खुर्च्या कायद्यामुळे तयार झाल्या आहेत. म्हणून तुला पहिला सल्ला हा, की वैचारिक वाचन कर, पण त्याआधी चार-पाच कायदे मूळ शब्दांत वाच. त्यांची माहितीपत्रकं वाचून भागत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १२ बघ, खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांचं. कलम ८ मध्ये दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे बघण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या चार-पाच महिन्यांत पालकांना नेमकं काय चाललंय ते समजावून सांगणारी माणसं हवी होती आणि ती फार कमी होती. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण करायला लावतो, आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर संपर्क अधिकारी नेमायला लावतो. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी मागतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आणि तिच्यावर बाहेरचा एक सदस्य सक्तीचा केला. आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे "अॅट्रॉसिटी" म्हणतात. तो किती जणांनी वाचलाय हे प्रशिक्षणात विचारते तेव्हा शंभरात दोन हात वर येतात, मतं मात्र शंभरांची असतात.

आता खिडकीपाशी येऊ.

ज्या कॉलेजात मी कामाला लागले, तिथे ऑफिसला लोखंडी गज असलेल्या तीन खिडक्या होत्या. पहिली फीची, दुसरी दाखल्यांची, तिसरी "स्कॉलरशिप"ची. तिसऱ्या खिडकीची रांग पोर्चमधून थेट कॅन्टीनच्या दारापर्यंत जायची. म्हणजे ज्याला चहा घ्यायचा तो या रांगेकडे बघतच आत जाणार. खिडकीशेजारच्या काचेच्या फलकावर दर वर्षी यादी लागायची: अनुक्रमांक, पूर्ण नाव, प्रवर्ग, जात, वडिलांचं वार्षिक उत्पन्न, शेरा. वर्गावर शिपाई यायचा आणि सर शिकवणं थांबवून म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले उभे राहा रे." साठ मुलांतली अठरा उभी राहायची आणि उरलेली बेचाळीस त्यांचे चेहरे पाठ करायची. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ऑफिसमधले ज्येष्ठ लिपिक तर मुलांसाठी जीव टाकणारे होते. अर्जाची मुदत संपत आली की रात्री आठ-आठपर्यंत थांबून मुलांचे अर्ज ऑनलाइन भरून द्यायचे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणातल्या समतेसाठी २०१२ मध्ये नियम केले. वर्गात विद्यार्थ्याची जात, जमात, धर्म किंवा प्रदेश तोंडी किंवा अन्य प्रकारे जाहीर करणं हा भेदभाव आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायलाही त्याच नियमांनी सांगितलं. मी तो कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण यादी लावली नाही तर मुलांना कळणार कसं?" प्रश्न खरा होता. त्यामुळे व्याख्यान देऊन उपयोग नव्हता, दुसरी पद्धत दाखवायला हवी होती. मी जूनपासून ऑगस्टपर्यंत त्या खिडकीच्या आत, लिपिकांच्या शेजारी स्टुलावर बसले. कोणत्या कागदासाठी मुलगा किती वेळा परत येतो ते लिहून काढलं. निम्म्या फेऱ्या एकाच कारणाने होत होत्या: उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत. मग प्रवेशाच्या दिवशीच तो तपासायचा असं ठरलं. फलकावरच्या यादीत नाव आणि जात काढून अर्ज क्रमांक तेवढा ठेवला, निरोप मोबाईलवर जाऊ लागले. खिडकीवरची "स्कॉलरशिप" ही पाटी उतरवली आणि तिन्ही खिडक्यांवर तिन्ही कामं सुरू केली. हे सगळं व्हायला अकरा महिने लागले. पुढच्या वर्षी एक मुलगा त्या रांगेत फीची पावती हातात घेऊन उभा होता आणि त्याच्या मागे शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन त्याच्याच बाकावरचा मित्र. कोण कशासाठी उभा आहे हे चहाला जाणाऱ्याला कळत नव्हतं. माझ्या अख्ख्या नोकरीतलं मला सगळ्यात आवडणारं दृश्य हे.

जात नोंदवावी लागते, कारण नोंदीशिवाय हक्क मिळत नाही. "आम्ही जात मानत नाही, म्हणून आम्ही रकानाच काढला" असं अभिमानाने सांगणारी शाळा मला भेटली की मी तिच्या शिष्यवृत्तीचे आकडे बघते. पण नोंद ठेवणं वेगळं आणि दवंडी पिटणं वेगळं. कुठल्याही संस्थेत गेलीस की हीच एक गोष्ट तपास: कुणाची माहिती, कुणाच्या हाती, कशासाठी, आणि ती कुणासमोर बोलली जाते.

शाळांचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि सगळ्यांत कमी पैशाचं तेच आहे. नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस जायचे. चौथीच्या वर्गात सहलीचे पन्नास रुपये हरवले. बाई चांगल्या होत्या, मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची. तरी पैसे हरवले म्हटल्यावर त्या चालत गेल्या त्या थेट शेवटच्या रांगेतल्या पारध्याच्या मुलाकडे, आणि त्याचं दप्तर त्यांनी जमिनीवर उपडं केलं. आतून निघालं काय, तर एक गोफण, तीन गुळगुळीत दगड, अर्धा खडू आणि पोषण आहारातला खाऊ कागदात गुंडाळलेला, बहुधा धाकट्या बहिणीसाठी राखलेला. पैसे संध्याकाळी दुसऱ्याच एका मुलाच्या कंपासपेटीत सापडले. ठेवून विसरला होता. पारध्याचं पोर नऊ दिवस शाळेत आलं नाही.

बाईंना कुणी शिकवलं होतं त्याच दप्तराकडे जायला? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे जमातीच्या जमाती जन्मजात चोर ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, म्हणून तर ३१ ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण बाईंच्या पायांनी तो त्या दिवशी पुन्हा चालून दाखवला. मी हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं नाही. चार दिवसांनी, त्या स्वतःहून "तो येत का नसेल हो?" म्हणाल्या तेव्हा सांगितलं. आम्ही दोघी त्याच्या वस्तीवर गेलो. बाईंनी त्याच्या आजीला, आणि मग त्याला स्वतःला सांगितलं की माझं चुकलं. तो परत आला त्या दिवशी वर्गातही त्यांनी हेच सगळ्या मुलांसमोर पुन्हा म्हटलं. ते ऐकताना वर्ग इतका शांत होता की बाहेर खिचडीच्या पातेल्यात पळी फिरत होती तिचा आवाज येत होता. मग शाळेत नियम झाला: दप्तर तपासायचंच असेल तर सगळ्यांचं, आणि सुरुवात बाईंच्या पर्सपासून.

अशा कामासाठी शाळेत तुला कोणत्या नावाने प्रवेश मिळेल? विशेष शिक्षक म्हणून, पण त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. नुसत्या एमएसडब्ल्यूवर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा आणि माध्यमिकला पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे, त्यामुळे इथे माणसांची गरज वाढतच जाणार. समग्र शिक्षा योजनेतली कामं बहुतेक करारावरची असतात, हे लक्षात घेऊनच जा. समुपदेशक म्हणून जायचं तर बहुतेक ठिकाणी मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मागतात. संस्थेतर्फे जायचं तर एमएसडब्ल्यू पुरेशी आहे. राज्यातल्या शाळांमध्ये २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या करायच्या आहेत, शाळा व्यवस्थापन समित्या तर आधीपासून आहेत. कितीतरी ठिकाणी त्या वहीपुरत्या आहेत. त्यांना खरोखर चालवून दाखवणारी व्यक्ती मुख्याध्यापकांना हवीहवीशी वाटते, कारण त्यांच्या डोक्यावरचा एक भार उतरतो. तिथून शिरकाव कर.

कंपन्यांचं थोडक्यात सांगते. खासगी नोकऱ्यांत आरक्षण नाही. भांडवली बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे जो जबाबदारी अहवाल द्यावा लागतो, त्यात कर्मचाऱ्यांमध्ये स्त्रिया किती, दिव्यांग किती हे विचारलं जातं. जातीचा रकाना तिथे नाही. जे मोजायचं नाही त्यासाठी पैसाही मंजूर होत नाही. म्हणून कंपन्यांत समावेशनाचं काम म्हटलं की स्त्रिया, दिव्यांग आणि अलीकडे एलजीबीटी कर्मचारी एवढ्यावर गाडी थांबते. जातीचा विषय काढला की "आमच्याकडे तसं काही नाही" हे उत्तर ठरलेलं.

मी समोरून जात नाही, निवडप्रक्रियेतून जाते. एका कंपनीत मुलाखतीचे दोनशे जुने फॉर्म बघायला मागितले. त्यात "कल्चर फिट" असा रकाना होता, म्हणजे उमेदवार कंपनीच्या वातावरणात बसतो का. मराठवाड्यातून आलेल्या, मराठी माध्यमातल्या मुलांच्या फॉर्मवर त्या रकान्यात एकच शेरा पुन्हा पुन्हा दिसला: "कम्युनिकेशन वीक". काम सर्व्हर सांभाळायचं, ग्राहकाशी दिवसात दोन शब्द बोलायचे. आणि मुलाखतीचे पहिले प्रश्न कोणते? मूळ गाव कुठलं, वडील काय करतात, "हे आडनाव म्हणजे तुम्ही कुठले?" आम्ही सगळ्या उमेदवारांना तेच सात प्रश्न, त्याच क्रमाने, लिहून दिले. प्रत्येक परीक्षकाने आपापले गुण आधी लिहायचे आणि मग आपसात बोलायचं. कल्चर फिटचा रकाना काढला. ओळखीतून होणाऱ्या भरतीवर मर्यादा घातली, कारण आपली ओळख म्हणजे आपलीच गल्ली. जात न विचारता फरक मोजता येतो का? काही अंशी येतो. घरातली पहिली पदवीधर व्यक्ती आहे का, दहावीपर्यंतचं माध्यम कोणतं, आईवडिलांचं काम काय, हे नोकरीवर घेतल्यानंतर, नाव न घेता आणि ऐच्छिक पद्धतीने विचारता येतं.

तू वंशाचंही लिहिलंयस. आपल्याकडे वंशभेद म्हटलं की लोक गोऱ्यांकडे बोट दाखवतात. पुण्यात शिकायला आलेल्या नागालँडच्या किंवा मणिपूरच्या मुलीला विचार. आफ्रिकेतून आलेल्या मुलाला फ्लॅट शोधताना काय ऐकावं लागतं ते विचार. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली आणि त्याच वर्षी तिचा अहवाल आला. कोरोनाच्या सुरुवातीला ईशान्येकडच्या मुलांना रस्त्यावर "कोरोना" म्हणून हाका मारल्या गेल्या. कॉलेजच्या वसतिगृहात काम मिळालं तर या मुलांसाठी दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात कर. स्थानिक पोलीस ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर त्यांच्या हातात दे, आणि मेसच्या समितीत त्यांच्यातला एक जण घे. जेवणावरून होणारे अपमान इतर सगळ्या अपमानांपेक्षा जास्त वेळा होतात, दिवसातून दोनदा.

तक्रारींचं काम हे या पेशाचं सगळ्यांत जड अंग. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. तिची आई आबेदा तडवी आणि २०१६ मध्ये आत्महत्या केलेल्या हैदराबादच्या रोहित वेमुला या दलित विद्यार्थ्याची आई राधिका वेमुला, दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की विद्यापीठांतली भेदभाव रोखणारी यंत्रणा खरोखर चालवा. तक्रार घेऊन आलेल्या मुलीचं बोलणं आधी पूर्ण ऐक, तिच्याच शब्दांत लिहून घे, तारीख घाल, प्रत तिला दे. आणि हे कधीही विसरू नकोस: सगळ्यांसमोर जातीवरून अपमान हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. संस्थेची समिती तो विषय "आपसात मिटवू" शकत नाही. तुझ्यावर दबाव येईल. संस्थेचं नाव, मुलीचं भविष्य, सरांची निवृत्ती जवळ आलीय, सगळं सांगितलं जाईल. तुझं काम एवढंच, की मुलीसमोरचे सगळे रस्ते तिला नीट कळले पाहिजेत. कोणता धरायचा ते ती ठरवेल.

माझी एक चूक सांगते. तिसऱ्या का चौथ्या वर्षी, एका कॉलेजात जाणीवजागृतीचं सत्र होतं. मी उत्साहाने म्हटलं, "कुणाला भेदभावाचा अनुभव आला असेल तर सांगा." एक मुलगी उठली आणि तिने गावातल्या पाणवठ्याची गोष्ट सांगितली. वर्ग हेलावला, टाळ्या वाजल्या, मला वाटलं सत्र रंगलं. तोपर्यंत तिची जात वर्गात कुणाला माहीत नव्हती. पुढच्या वेळी गेले तेव्हा ती शेवटच्या बाकावर एकटी बसली होती, आणि डबा खायला खोलीवर जाते म्हणाली. मी तिची माफी मागितली, पण जे घडलं ते परत घेता आलं नाही. तेव्हापासून मी कुणाला सर्वांसमोर अनुभव सांगायला लावत नाही. जखम ज्याची आहे त्याला वर्गाचं पाठ्यपुस्तक करायचं नसतं. मी आता प्रसंग लिहून नेते, नावं बदलते, आणि प्रश्न बघणाऱ्यांना विचारते: तुम्ही तिथे होतात, तुम्ही काय केलंत?

शिक्षणाचं: तुझी एमएसडब्ल्यू पूर्ण कर. पुढे शिकायचंच असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत दलित आणि आदिवासी अभ्यासाची जोड असलेलं समाजकार्याचं शिक्षण आहे, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन. पण मी तुला लगेच दुसरी पदवी घ्यायला सांगणार नाही. एक मुळातलं कौशल्य पक्कं कर: शिकवणं, समुपदेशन, कायदा किंवा मनुष्यबळ. समावेशनाचं काम त्या खोडावरच फुटतं. खोडच नसेल तर वर्षाला चार सत्रं घेणारी वक्ती होशील, आणि सत्र संपलं की खुर्च्या उचलल्या जातात. आणि एक भाषा शीक. गोरमाटी, पारधी, कोरकू, गोंडी, जिथे काम करशील तिथली. दोनशे शब्द आले तरी पहिलीतलं मूल तुझ्याकडे बघून बोलायला लागतं.

पैशाचं स्पष्ट विचारलंस, स्पष्ट सांगते. मी साडेसहा हजार रुपये महिन्यावर सुरुवात केली आणि पहिली सहा वर्षं लहान भावाच्या शिक्षणाला घरी फारसं काही पाठवू शकले नाही. आज माझं नीट चालतं, ते कंपन्यांच्या कामामुळे. तिथे मिळतं त्यातून शाळांचं काम परवडतं. अंतर्गत समितीच्या बाहेरच्या सदस्याला नियमांत दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च लिहिलेला आहे. कंपन्या आपणहून त्यापेक्षा बऱ्याच जास्त देतात, लहान शाळा कधी तेवढेही देत नाहीत. त्या सदस्यत्वासाठी समाजकार्यातून येणाऱ्याला या क्षेत्रातला किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा पहिली पाच वर्षं त्याकडे बघूच नकोस. संस्थेत लागशील तेव्हा प्रकल्पाचा निधी किती वर्षांचा आहे ते मुलाखतीतच विचार. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी बऱ्याचदा वर्षाच्या बोलीवर असतो आणि मार्चमध्ये सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

परदेशाचं आकर्षण मी समजू शकते. इंग्लंडमध्ये २०१० च्या समता कायद्याने सार्वजनिक संस्थांवर थेट कर्तव्य टाकलं आहे. वेल्सने २०२२ मध्ये वंशवादविरोधी कृती आराखडा काढला, त्यात शिक्षकांचं प्रशिक्षणही आहे. शाळांसाठी काम करणाऱ्याने तो वाचावाच. अमेरिकेत जातीचा प्रश्न आपल्याच लोकांनी नेला आणि आपल्याच लोकांनी तिथे मांडला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये जात आपल्या भेदभावविरोधी धोरणात घातली. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअॅटल हे जातीभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर झालं, आणि तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसाच राज्याचा कायदा मात्र नकाराधिकार वापरून अडवला. आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी केंद्र सरकारमधले डीईआय कार्यक्रम बंद करायचा आदेश काढला. पाठोपाठ बऱ्याच कंपन्यांनीही हात आखडता घेतला. पुण्यातल्या माझ्या दोन करारांतून "डायव्हर्सिटी" हा शब्द गेला आणि "कर्मचारी कल्याण" आला. काम तेच आहे. पण ज्यांचं पदच त्या शब्दावर उभं होतं, त्यांच्यातले काही घरी बसले. खोड पक्कं कर म्हणते ते यासाठीही.

हे काम अंगावर येतं. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणाशी तरी बोलता आलं पाहिजे, पण तक्रारदाराचं नाव न घेता. आम्ही चौघीजणी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतो, पिठलं-भाकरी करतो आणि अडलेल्या प्रकरणांवर बोलतो. एकीने हे क्षेत्र सोडलं, आता ती बँकेत आहे, तरी ती येते. तुझ्या वर्गातल्या दोघी-तिघींना आत्ताच धरून ठेव.

परीक्षा तुझी मे महिन्यात संपेल. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात आणि खिडकीवर गर्दी उसळते. त्या कॉलेजात मी अजूनही दर वर्षी दोन आठवडे जाऊन बसते. ते जुने लिपिक निवृत्त झाले, पण पहिल्या दिवशी डबा घेऊन न चुकता येतात. तुला यायचं असेल तर कळव. आतल्या बाजूला एक स्टूल रिकामं आहे. उत्पन्नाच्या दाखल्यांच्या तारखा तपासायचं काम तुला देईन.